मोहाचा गंध गावाचा, नफा कोणाचा?

चैत्राच्या पहाटे नवेगाव बांधच्या जलाशयावरून गावाकडे येणाऱ्या वाऱ्याला एक गोडसर, जड असा गंध असतो. अजून उजाडलेले नसते. डोंगरांच्या कडा काळ्याच दिसत असतात. पण धुऱ्याधुऱ्यांवरच्या, रानातल्या वाटांवरच्या मोहाच्या झाडांखाली माणसांची चाहूल लागलेली असते. डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेल्या बाया, त्यांच्या सोबतीला आलेली मुले, एखादी कमरेतून वाकलेली आजी. रात्रभर टपटप गळलेली मोत्यासारखी पिवळसर फुले एकेक करून वेचायची आणि टोपलीत टाकायची, हे त्यांचे काम. ऊन तापण्यापूर्वी ते आटोपावे लागते. हा क्रम साधारणपणे महिनाभर चालतो.

सुगंधी फुलांचा व्यवसाय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कनौजचे अत्तर येते, गुलाबजल येते, दक्षिणेकडील मोगऱ्याच्या राशी येतात. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, हजारो कुटुंबांचा संसार एका सुगंधी फुलावर काही अंशी उभा आहे, हे मात्र आपल्या लक्षातही येत नाही. मोहाचे फूल देवघरात वाहिले जात नाही, वेणीत माळले जात नाही. ते खाल्ले जाते, वाळवले जाते, आंबवले जाते, विकले जाते. त्याच्या बियांपासून तेल निघते. आणि एवढे सारे देऊनही ज्याच्या अंगणात ते वाळते, त्याच्या हाती फारच थोडे उरते. असे का व्हावे, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

बदनाम केलेले फूल

मोहाला संस्कृतात ‘मधूक’ म्हणतात. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त स्वयंवरास निघालेल्या इंदुमतीच्या हाती मधूकाचीच माला आहे. आयुर्वेदाला मधूकाचे गुण ठाऊक होते. मध्य भारतातील गोंड, हलबा आदी समाजांत तर जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या विधींत या वृक्षाला स्थान आहे. विवाहमंडपात त्याची डहाळी हवी, देवाला त्याचे फूल हवे, दुष्काळाच्या वर्षी पोटाला त्याचाच आधार हवा. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. ज्या काळी वनवासी घरात गूळ-साखर विकत येत नव्हती, त्या काळी मुलांच्या तोंडात गोडवा होता तो मोहाचा.

मग हे फूल ‘दारूचे फूल’ म्हणूनच तेवढे का ओळखले जाऊ लागले? याचे उत्तर इंग्रजी राजवटीच्या महसूल-नीतीत सापडते. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. १८९२ साली खास मोहफुलांसाठी वेगळा कायदा करण्यात आला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले गोळा करणे, बाळगणे आणि विकणे यांवर बंधने घालण्यात आली. फुलाचा अपराध एवढाच, की ते घरच्या घरी गाळता येत असे आणि त्यामुळे सरकारी मक्त्याच्या मद्याचा खप घटून अबकारीचे उत्पन्न बुडत असे. गंमत अशी, की उरणच्या परवानाधारक भट्ट्यांत त्याच काळी याच मोहफुलांचे मद्य गाळले जात होते! परवानेदाराने गाळले तर महसूल आणि वनवासी माणसाने गाळले तर गुन्हा, असा तो न्याय होता. नीतिमत्तेची चाड नव्हे, तिजोरीची काळजी त्यामागे होती.

आपला गोंदियाचा प्रदेश त्या वेळी मध्य प्रांतात होता, त्यामुळे तो विशिष्ट कायदा येथे लागू नव्हता. परंतु मोहाकडे केवळ अबकारीच्या चष्म्यातून पाहण्याची दृष्टी सर्वत्र सारखीच होती आणि दुर्दैवाने स्वातंत्र्यानंतरही ती टिकून राहिली. १९४९ च्या मद्यनिषेध कायद्यानेही मोहफुलांवर नियंत्रण ठेवले. स्वतःच्या धुऱ्यावरच्या झाडाची फुले पोत्यात भरून बाजारात नेणारा माणूस अर्धा गुन्हेगार ठरला. ज्याला पोलिसाची भीती, त्याला भाव मागण्याचे धैर्य कोठून येणार? तो दारात येणाऱ्या दलालाला सांगेल त्या भावाने माल देऊन मोकळा होतो. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहफुलांच्या संकलन, साठवणूक व वाहतुकीवरील जुने निर्बंध मोठ्या प्रमाणावर दूर केले. हे पाऊल स्वागतार्हच होते. पण पिढ्यान्‌पिढ्या मनात बसलेली भीती आणि बाजाराची पडलेली घडी एका आदेशाने बदलत नाही.

प्रश्न थांबण्याच्या ताकदीचा

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावयास हवी. मोहफुलांचा तुटवडा हा मूळ प्रश्न नाही. ग्राहक नाही, असेही नाही. खरा प्रश्न आहे तो थांबण्याच्या ताकदीचा. बाजाराचा साधा नियम असा, की ज्याला घाई असते तो हरतो आणि ज्याला थांबता येते तो जिंकतो.

फुले वेचणाऱ्या कुटुंबाला घाई असते, ती दुहेरी. एक घाई निसर्गाची. उन्हात वाळवलेले फूल पाऊस सुरू होताच दमट हवेने ओलसर होते, त्याला कीड लागते, बुरशी धरते. मातीच्या घरात, कुडाच्या भिंतीआड ते टिकवणे अवघड. दुसरी घाई गरजेची. वैशाखात लग्नसराई, ज्येष्ठात धानाच्या पेरणीची तयारी. बियाणे हवे, खत हवे, मागचे देणे चुकवायचे असते. त्यामुळे चैत्र-वैशाखात सगळा माल एकाच वेळी बाजारात उतरतो आणि भाव पडतो. व्यापाऱ्याकडे कोरडे गोदाम असते, खेळते भांडवल असते. तो थांबतो. आषाढ-श्रावणात भाव चढतो, तेव्हा ते पोते त्याच्या गोदामात असते. आणि जिने ते फूल पहाटे वाकून वाकून वेचले, तिला घरच्या गरजेपुरते मोहफूल पावसाळ्यात त्याच दुकानातून वाढीव भावाने परत आणावे लागते. आपलीच वस्तू आपणच महाग विकत घ्यायची, याहून विपरीत व्यवहार कोणता?

केंद्र शासनाने गौण वनोपजांसाठी किमान आधारभूत किमतीची योजना आणली. तिच्यात मे २०२० मध्ये वाळलेल्या मोहफुलाचा दर किलोमागे १७ रुपयांवरून ३० रुपये करण्यात आला. ही वाढ लहान नव्हती. परंतु आधारभूत किंमत कागदावर जाहीर होणे आणि गावच्या आठवडी बाजारात ती प्रत्यक्ष मिळणे, यांत अंतर असते. खरेदी केंद्र दूर असेल, ते उशिरा उघडत असेल, पैसा हातात पडावयास महिने लागत असतील, तर रोख पैसा मोजणारा दलालच जवळचा वाटणार. त्यात त्या बाईचा दोष नाही.

आता तुलना पाहा. २०२२ साली मध्य प्रदेशातील मोहफुलांसाठी ब्रिटनमधील एका कंपनीने किलोमागे ११० रुपये देण्याचा करार केला. त्याआधी २०२१ साली छत्तीसगडमधील वाळवलेली मोहफुले समुद्रमार्गे फ्रान्सला गेली होती. फूल तेच, झाड तेच. फरक कशाचा? जमिनीवर पडू न देता जाळीत झेललेले, मातीकचरा न लागलेले, स्वच्छ वाळवलेले, म्हणजे खाद्य म्हणून विकता येईल असे ते फूल होते. समजा, एखाद्या कुटुंबाने हंगामात दोन क्विंटल वाळलेली फुले जमवली. ३० रुपयांनी त्याचे ६ हजार होतात, ११० रुपयांनी २२ हजार. हे १६ हजारांचे अंतर म्हणजे एका मुलीचे वर्षभराचे शिक्षण किंवा सावकाराच्या पाशातून सुटलेली एक पावसाळी गरज. सगळाच माल अशा भावाने जाणार नाही, हे उघड आहे. पण काही भाग तरी जावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

रोशाच्या तेलाचा धडा

ही कथा केवळ मोहाची नाही. आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासात तिचा जुना दाखला आहे. खानदेशात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी रोशा नावाचे सुगंधी गवत उगवते. तेथील लोक रानातच भट्टी लावून त्याचे तेल काढीत. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबईच्या बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई. तेथे गुलाबाच्या महागड्या अत्तरात त्याची भेसळ होई आणि युरोपच्या बाजारात ते तुर्की माल म्हणून ओळखले जाई. गवत आमचे, घाम आमचा, रानातला धूर आमच्या डोळ्यांत. नाव आणि नफा मात्र दुसऱ्याचा! कच्चा माल ज्याच्याकडे असतो त्याला भाव मिळत नाही, ज्याच्याकडे शेवटची बाटली असते त्याला मिळतो, हा धडा रोशाच्या तेलाने आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच दिला होता.

याउलट कनौजचे उदाहरण पाहावे. तेथील कारागिरांनी तांब्याची देग आणि भपका यांची परंपरा राखली. फूल खुडल्यापासून काही तासांत गंध उडू लागतो, म्हणून भट्टी फुलाजवळ असावी, हे त्यांनी जाणले. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यात केवडा फुलतो, तर तेथेही फुलांच्या बनांजवळच भट्ट्या उभ्या राहिल्या. कनौजच्या अत्तराला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. चंदनाच्या तेलाची महागाई, स्वस्त कृत्रिम सुगंधांची स्पर्धा या संकटांनी तोही व्यवसाय आज ग्रासलेला आहे. तथापि, त्या गावाचे नाव तरी त्याच्या सुगंधाला लाभले. नवेगाव बांधच्या मोहाला अद्याप नाव नाही. तो पोत्यात जातो आणि पोत्यातच विरून जातो.

मद्य हाच एक मार्ग आहे काय?

काही जण म्हणतील, मोहाला भाव हवा असेल तर त्याचे मद्य खुलेआम विकू द्या. मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला ‘वारसा मद्य’ ठरवून अलीराजपूर व दिंडोरी येथे ते तयार करण्यास प्रारंभ केला आहे. फ्रान्सला द्राक्षांचा आणि मेक्सिकोला घायपाताचा अभिमान, मग आम्हाला मोहाचा का नसावा, असा हा युक्तिवाद. तो एकदम झिडकारून टाकावा असाही नाही. वनवासी समाजात देवकार्यात मोहाच्या मद्याला स्थान आहे आणि त्या श्रद्धेला शहरी तुच्छतेने पाहण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परंतु आपण शेजारच्या जिल्ह्याचे उदाहरण विसरू नये. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती वरून लादलेली नव्हती, तिच्यामागे लोकांची, विशेषतः स्त्रियांची चळवळ होती. ज्या स्त्रिया पहाटे मोह वेचतात, त्याच स्त्रिया संध्याकाळी दारूचे परिणाम सोसतात. म्हणून मोहाच्या अर्थकारणाचा विचार करताना पहिला प्रश्न तिला विचारला पाहिजे. दुसरे असे, की मद्यनिर्मिती हा भांडवलाचा, परवान्यांचा आणि जाहिरातीचा खेळ आहे. त्यात उद्या मोठे कारखानदार उतरले, तर वेचणारी बाई पुन्हा कच्च्या मालाची पुरवठादारच राहील. मालक बदलेल, तिचे स्थान बदलणार नाही.

शिवाय मोहाजवळ मद्याखेरीज देण्यासारखे पुष्कळ आहे. फुलांचा पाक होतो, लाडू होतात, वड्या-चटण्या होतात.  बियांपासून निघणारे घट्ट तेल या भागात पूर्वापार स्वयंपाकात व दिव्यात वापरले जाते, साबणासाठीही ते चालते आणि पेंड शेताला उपयोगी पडते. ज्या वृक्षाचे फूल, बी, पान, साल सारेच कामी येते, त्याला एकट्या भट्टीच्या दावणीला बांधणे हा त्या वृक्षाचाही अपमान आहे.

हक्क मिळाला, हात हवा

कायद्याने अलीकडे वनवासी समाजाला बरेच काही दिले आहे, हे मान्य करावयास हवे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला. गोंदिया जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील अनुसूचित क्षेत्रात येत नाही. त्यामुळे ‘पेसा’ कायद्याचे जे संरक्षण गडचिरोलीच्या गावांना आहे, ते येथील गावांना नाही. येथे सारी भिस्त आहे ती वनहक्क कायद्यावर आणि जागृत ग्रामसभेवर. अशी ग्रामसभा काय करू शकते, हे गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने दाखवून दिले. २०११ साली या गावाला स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार मिळाला. २०१३ पासून गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी तेंदूपानांचा लिलाव स्वतः करण्यास सुरुवात केली. जे बांबू आणि तेंदूच्या बाबतीत जमले, ते मोहाच्या बाबतीत का जमू नये?

वनविभागाच्याही काही रास्त चिंता आहेत. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो आणि त्यातून वणवा लागतो. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली झाले, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. २०२३ आणि २०२४ साली येथे ब्रह्मपुरी परिसरातील वाघिणी आणून सोडण्यात आल्या. अस्वलाला तर मोहाचे फूल माणसाइतकेच प्रिय. पहाटेच्या अंधारात वाकून फुले वेचणारी बाई आणि तिच्याइतकीच भुकेली अस्वलीण एकाच झाडाखाली येतात, तेव्हा काय होते, हे या भागातील लोकांना सांगण्याची गरज नाही. म्हणून झाडाखाली जाळी बांधण्याचा उपाय केवळ भावासाठी नव्हे, जंगल व जीव यांच्या रक्षणासाठीही महत्त्वाचा आहे. जाळी असेल तर पाचोळा पेटवावा लागत नाही, अंधारात जावे लागत नाही. उजाडल्यावर जाऊन स्वच्छ फूल आणता येते.

करावयाचे ते काय?

पहिली गोष्ट, गावपातळीवर कोरडे गोदाम आणि तारण कर्ज. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून चालत आली आहे. शेतकऱ्याने माल बाजार समितीच्या गोदामात ठेवावा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी उचलावी आणि भाव आला की विकावे, अशी तिची रचना आहे. सोयाबीन व तुरीच्या शेतकऱ्याला जी थांबण्याची ताकद मिळते, तीच मोह वेचणाऱ्या बाईला ग्रामसभेच्या गोदामातून मिळाली पाहिजे. माझ्या मते सर्व उपायांत हा उपाय मुळाशी जाणारा आहे.

दुसरी गोष्ट, प्रक्रिया. २०१८ साली सुरू झालेल्या वन धन योजनेत बचत गटांतील सुमारे ३०० सदस्यांचे एक केंद्र कल्पिले आहे. अशा केंद्राला जाळ्या, वाळवणीचे ओटे, तेलघाणी, वेष्टनाचे साहित्य मिळाले आणि ते चालविण्याचे शिक्षण मिळाले, तर पोत्याऐवजी डबा गावाबाहेर जाईल. मात्र उद्घाटनाची फीत कापून कुलूप लागलेल्या केंद्रांचा काहीच उपयोग नाही. केंद्र किती उघडली यापेक्षा वर्षाअखेर तेथून किती माल विकला गेला, याची मोजदाद व्हावी.

तिसरी गोष्ट, लागवड. धुऱ्यावरचे मोह आजोबांच्याही आजोबांनी राखलेले आहेत. सारे बी वेचले जाते, रोप उरत नाही आणि बीपासून वाढलेले झाड फुलावर यायला दहा वर्षे तरी लागतात. गुजरातेतील गोध्रा येथील केंद्रीय संशोधन केंद्राने ‘थार मधु’ हे मोहाचे वाण काढले आहे आणि कलमी झाडे लवकर फुलावर येतात. आज लावले नाही, तर उद्याच्या पिढीजवळ हक्काचा कागद असेल, पण झाड नसेल.

चौथी गोष्ट आपल्यासाठी, म्हणजे शहरात राहणाऱ्या वाचकांसाठी आहे. स्वदेशीचा विचार आपण आवडीने मांडतो. तो विचार विदेशी वस्तूवरील बहिष्कारापाशी थांबत नाही. आपल्याच मातीतील उपेक्षित वस्तूला सन्मानाने घरात आणणे, हेही स्वदेशीचेच अंग आहे. ग्राहक संघटना, महिला मंडळे, शाळा यांनी मोहाचे लाडू, पाक, तेल थेट बचत गटांकडून मागवून पाहावे. दया म्हणून नव्हे, वस्तू चांगली आहे म्हणून आणि योग्य दाम मोजून. वाणिज्याचे शिक्षण घेतलेल्या तरुणांनी वर्षातील आठ दिवस एखाद्या ग्रामसभेचे हिशेब लिहून द्यावेत. भाषणापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

नवेगाव बांधचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. त्या काळी ना सिमेंट होते, ना सरकारी अनुदान. तरीही डोंगरांमधून वाहून जाणारे पाणी अडवले तर गाव समृद्ध होईल, हे त्या माणसाला उमगले होते. आज मोहाच्या रूपाने दरवर्षी चैत्रात या गावांची संपत्ती तशीच वाहून जाते आहे. पाणी अडविणाऱ्या त्या पूर्वजाने जो धडा घालून दिला, तोच आता फुलाच्या बाबतीत गिरवायचा आहे. अडवा, साठवा आणि मग आपल्या इच्छेने, आपल्या भावाने सोडा. तसे झाले तर ज्या अंगणात मोह वाळतो, त्या अंगणात त्याचा गंधही राहील आणि त्याचे मोलही.